फ्लाय फिशिंग सुरू करायचंय, रॉड कोणता घेऊ आणि पाणी कसं शोधू?

नवा_गळ: साध्या गळाने मासे धरलेत पण फ्लाय (पिसं-दोऱ्याने किड्यासारखा सजवलेला हुक) कधी हातात घेतली नाय. पहिला रॉड कोणता? आणि जवळपासचं चांगलं पाणी ओळखायचं कसं, सगळे आपापली जागा लपवूनच ठेवतात राव 😀

काठावरचा: ९ फुटी ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर), त्यावर ५ वेटचीच फ्लोटिंग लाइन, बास. रीलवर जास्त पैसे घालू नको, लाइन चांगली घे, कारण फ्लायला वजन नसतंच, फेकली जाते ती लाइन. आधी गवतावर प्रॅक्टिस कर, हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, आणि मागे लाइन सरळ होईपर्यंत थांब, घाई केलीस की चाबकासारखा फटका बसून फ्लाय तुटते.

उथळपाणी: जागा कोणी सांगणार नाय, सॅटेलाइट मॅप उघड. खळाळतं पाणी जिथे डोहात उतरतं ती जागा, वळणाची बाहेरची बाजू, फेसाची रेघ. फेस जातो त्याच वाटेने माशांचं खाणं पण वाहत येतं. तिथे गेलास की पाण्यातला दगड उलटून बघ, खाली अळ्या चिकटलेल्या असतील, त्याच साइजची निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी फ्लाय) बांध. परवाना आणि बंदीचा सीझन आधी चेक कर.

काठावरचा: +१. आणि हुकचा उलटा काटा पक्कडने दाबून टाक, मासा सोडायला सोपं, स्वतःच्या कानात घुसला तरी निघतो 😂