मदत हवी आहे: १८ पूर्ण होताच बालगृह सोडावंच लागतं का?

पुण्यातल्या एका बालगृहात मी रविवारी गणित शिकवते. तिथली एक मुलगी बारावीत आहे, बोर्डाच्या ऐन तोंडावर तिला १८ पूर्ण होतील. "वाढदिवसानंतर सोय बघ," असं तिला तोंडी सांगितलंय. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर ती कॉटबेसिसची भाडी लिहून ठेवते. बघवत नाही हो!

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये १८ नंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावर मिळणाऱ्या आधाराची, तरतूद आहे. नियमांनुसार २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंतही आधार मिळू शकतो. मग अर्ज बाल कल्याण समितीकडे करायचा की जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे? तो तिने स्वतःच्या सहीने केला तर चालेल का? अनुरक्षणगृहात राहून बाहेर पडलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. आधार कार्डावर पत्ताही बालगृहाचाच आहे, त्याचं काय करायचं?