एक्सएलआर लावल्यावर आवाज 'खुलला', पण किती खरं?

काहीजण सांगतात की ऑडिओ उपकरणं जोडणारी साधी आरसीए केबल काढून तीन पिनांची एक्सएलआर केबल लावली आणि आवाज एकदम खुलला. खुलला असेलही, पण आधी व्हॉल्यूम जुळवून पाहिलात का? बहुतेक डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारं उपकरण) आरसीएवर साधारण 2 व्होल्ट आणि एक्सएलआरवर 4 व्होल्ट मिळतात, म्हणजे 6 डेसिबलचा फरक. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. मीही यात फसलोय.

एक्सएलआरवरच्या बॅलन्स्ड, म्हणजे दोन सारख्या सिग्नल-तारांच्या, जोडणीची खरी करामत वेगळी आहे. पिन 2 आणि 3 च्या दोन्ही तारांवर बाहेरची घरघर सारखीच चढते आणि पुढचं उपकरण दोघींमधला फरक तेवढा घेतं, त्यामुळे घरघर वजा होते. त्यासाठी दोन्ही तारांचा इम्पिडन्स (विद्युत सिग्नलला होणारा अडथळा) समान हवा; एका तारेवर सिग्नल उलटा असणं ही त्यामानाने दुय्यम गोष्ट. आरसीएमध्ये मात्र शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण) हाच सिग्नलचा परतीचा रस्ता, म्हणून ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या अर्थिंगमधून बनणाऱ्या वेटोळ्याचा) 50 किंवा 60 हर्ट्झचा हम, म्हणजे घरघर, थेट सिग्नलमध्ये शिरतो.

मीटरभर केबल आणि हम नाही? मग आरसीए पुरे. पॉवर्ड (आत अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरपर्यंत सात-आठ मीटर न्यायची असेल तर बॅलन्स्डच घ्या. आणि हो, मागे एक्सएलआर सॉकेट दिसलं म्हणजे आतलं सर्किट बॅलन्स्ड असेलच असं नाही.