मदत हवी आहे: पणजोबांनी रंगवलेले केतुबे आणि एलियाहू हन्नबीचं चित्र

नमस्कार मंडळी,

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागच्या इस्रायल आळीतले. माझे पणजोबा माझगावच्या इस्रायली शाळेत (आताचं सर एली कदूरी हायस्कूल) ड्रॉइंग मास्तर होते. शाळा सुटल्यावर घरी बसून केतुबे, म्हणजे आमच्या लग्नाचे करारनामे, लिहायचे आणि रंगवायचे. काळ साधारण १९२० ते १९४०. त्यांच्या हातचं एकही काम आमच्याकडे नाही.

केतुबा नवरीकडे राहतो, त्यामुळे रंगवणाऱ्याच्या घरी काही उरत नाही. जे काही वाचलं असेल ते इतरांच्या ट्रंकांमध्येच असणार. १९४८ नंतर कितीतरी कुटुंबं इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबाला गेली, त्यांच्याबरोबर हे कागदही गेले असतील.

आजीने सांगितलेल्या खुणा: वर कमान, दोन्ही बाजूंना खांब, मधे हिब्रू मजकूर, खाली समोरासमोर दोन मासे. मासे इतरांच्या केतुब्यांतही दिसतात, म्हणून खरी खूण एकच, डाव्या कोपऱ्यात मोडीतली बारीक सही. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने केतुब्यांचे फोटो ऑनलाइन ठेवले आहेत. त्यांतले मुंबईचे मी बघते आहे, पण अशी सही अजून दिसली नाही.

त्यांचं दुसरं काम म्हणजे एलियाहू हन्नबीचं (प्रेषित एलियाचं) मोठं तैलचित्र. नबी अग्निरथातून स्वर्गात जातानाचं छापील चित्र आपल्या बहुतेक घरांत असतं, त्याच्यासमोर मलिदा (नवसाचा, आभाराचा विधी) होतो. पणजोबांनी मात्र रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरून उठताना दाखवला होता, खाली माडांची रांग. रथाच्या खुणा तिथे आहेत असं आपण मानतो ना, तोच खडक. पन्नासच्या दशकात घरचे बोटीने निघाले तेव्हा ते नेता आलं नाही. आजी म्हणायची, मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीद म्हणतो) दिलं. एक नातेवाईक म्हणतात, भायखळ्याच्या शेजाऱ्यांना. मला आजीचं खरं वाटतं. पण प्रार्थनेच्या जागी माणसाचं चित्र सहसा लावत नाहीत, तेव्हा ते असलंच तर कचेरीत किंवा माळ्यावर असेल.

मुंबई, ठाणे, पनवेल, पेण, रेवदंडा इथल्या मशिदींच्या कमिटीवर कुणाचे आई-वडील, काका असतील तर कृपया एकदा विचारा. घरात आजी-पणजीचा केतुबा असेल तर डाव्या कोपऱ्याचा फोटो व्यक्तिगत संदेशातून पाठवा, नावं झाकली तरी चालेल. मूळ कागद मला नको, तो तुमचाच. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या त्या काळातल्या प्रदर्शनांच्या जुन्या याद्या कुठे बघायला मिळतील, हेही कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. आणि मोडी वाचणारं कुणी आहे का? सही सापडली तर ती वाचून घ्यायला लागेल.