शकुंतलेची अंगठी महाभारतात नाहीच?

कुरबक:
आमच्या महिला मंडळाला यंदा 'शाकुंतल'मधला एक प्रवेश करायचाय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. म्हटलं आधी आदिपर्वातलं मूळ आख्यान वाचू. तिथे ना अंगठी, ना दुर्वासाचा शाप, ना मासा! दुष्यंताला सगळं लख्ख आठवतंय, तरी भर दरबारात ओळख दाखवत नाही. शकुंतला मुलाला घेऊन उभी आहे आणि सरळ सुनावते, दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत. पुढे आकाशवाणी झाली की हा म्हणतो, लोकांनी संशय घेतला असता म्हणून मी तसं वागलो. वर तिच्या कडू बोलण्याबद्दल तिलाच क्षमा करतो!! अशी बाई सोडून आपण पायातला काटा काढणारी का धरून बसलो?

निवांत_वाचक:
कालिदासाला नायक वाचवायचा होता. शाप घातला, राजा सुटला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं तेही कालिदासावरूनच, त्यामुळे मराठी घरांत शाप पदांसकट पोचला. काट्याचं चित्र रविवर्म्याचं, १८९८चं. पण तो काटा त्याने पदरचा घातलेला नाही हं. दुसऱ्या अंकात राजाच विदूषकाला सांगतो की दर्भ टोचल्याचं निमित्त करून ती थांबली.

मावळतीकर:
राजा सुटला कसा? अंगठी मिळाल्यावर सहावा अंकभर तळमळतो आणि सातव्यात तिच्या पाया पडतो. कामिय क्लोदेल या फ्रेंच शिल्पकर्तीने नेमका तोच क्षण घेतला, १८८८च्या आसपास. तो गुडघ्यांवर, ती त्याच्याकडे झुकलेली. ते बघा आणि मग बोला.
आणि ताई, प्रवेशच हवा तर सहाव्याच्या सुरुवातीचा कोळी घ्या. रोहित माशाच्या पोटात अंगठी सापडली म्हणून शिपाई त्याला बडवतात, चोर ठरवतात. राजाकडून बक्षीस आलं की तेच शिपाई दोस्त होतात आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात.

कुरबक:
कोळी झकास आहे, पण दारूचं दुकान आमच्या अध्यक्षबाईंना चालायचं नाही. मी दरबारच घेतेय, महाभारतातला. शकुंतला व्हायला सगळ्या तयार आहेत, दुष्यंत मात्र कुणालाच नकोय.