गोळी-ठोकळ्याच्या गणितात उत्तर २८ का चुकतं?

प्रश्न: १० ग्रॅमची बंदुकीची गोळी दोरीला टांगलेल्या १.९९ किग्रॅ ठोकळ्यात रुतते, ठोकळा २० सेमी वर जातो. गोळीची गतिज ऊर्जा = अखेरची स्थितिज ऊर्जा धरून वेग २८ मी/से आला. पुस्तकात ३९६ आहे.

उत्तर १: २८ मी/से म्हणजे ताशी १०० किमी, हायवेवरच्या गाडीचा वेग. इथेच शंका यायला हवी. गणिताचे दोन भाग करा. आधी झोका, तिथे ऊर्जा कायम राहते: √(२ × ९.८ × ०.२) = १.९८ मी/से, हा टकरीनंतरचा वेग. मग टक्कर, तिथे फक्त संवेग (वस्तुमान × वेग) कायम राहतो: ०.०१ × वेग = २ × १.९८, म्हणून ३९६. गतिज ऊर्जा टकरीआधी ७८४ ज्यूल, नंतर ३.९२. बाकी ९९.५% लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत गेली!

उत्तर २: झोक्यात मात्र संवेग लावू नका. टकरीच्या क्षणी दोरी उभी असते, आडवं बाह्य बल नसतं. ठोकळा हलला की दोरीचा ताण तिरका होतो, संवेग बदलतो. पण ताण वेगाला सतत काटकोनात, म्हणून कार्य शून्य आणि ऊर्जा अक्षय्य. आणि २० सेमी ही उभी उंची, कंसाची लांबी नव्हे.

प्रश्नकर्ता: आलं लक्षात, आभार!