कॅच सुटणारं पोरगं फिल्डिंगमध्ये सुधारतंय का? अनुभव लिहा

टिळकवाडीकर
काल बेळगावात लेले ग्राउंडच्या कडेनं जाताना एका पोराच्या हातातनं सोपा कॅच सुटला आणि कप्तानानं तिथल्या तिथं त्याला फाइन लेगला, म्हणजे किपरच्या मागं लांब सीमेजवळ, धाडलं. पोरगं मान खाली घालून चालत गेलं. असं एक पोरगं प्रत्येक गल्लीच्या टीममध्ये असतंय आणि त्याच्याबद्दल सगळ्यांचं ठरलेलं असतंय, "याचे हातच तसले." ते बघून जुनं सगळं वर आलं, म्हणून धागा काढला. शिकवणारे, खेळणारे, पोरांना ग्राउंडवर सोडायला येणारे, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात मी करतो. बहुतेक वेळा हातांचा दोष नसतोच, पाय झोपलेले असतात. फटका बसतो त्या क्षणी पोरगं टाचांवर उभं असतंय. पहिलं पाऊल उशिरा पडतं, मग हात लांबवून बॉल गाठायला जातं. लांबवलेला हात ताठ होतो आणि ताठ हातातनं बॉल उडतो. म्हणून बोलर धावू लागला की चार-पाच पावलं आत चालत यायचं. बॉल बॅट्समनपाशी पोचतो तेव्हा अगदी बारीक उडी, पाय खांद्याएवढे फाकलेले, वजन चवड्यांवर. दर बॉलला हेच, बॉल आपल्याकडं येवो न येवो. पहिला आठवडा फक्त एवढंच करून घ्या, कॅचची गोष्टच काढू नका.

खानापूरवाला
आणि भीतीचं काय गा? लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. तो अंगावर येताना पोरगं डोळे मिटतंय आणि तोंड बाजूला फिरवतंय. मग कसला कॅच! थेट लेदर देऊ नका. आधी टेनिस बॉल, 5 मीटरवरनं, खालून हातानं. 12 पैकी 10 आले की 8 मीटर, मग 12 मीटर. त्यानंतर लेदरच्या आकाराचा मऊ बॉल. लेदर शेवटी, आणि तेव्हा परत 5 मीटरपासून सुरू. ओळीनं दोन-तीन सुटले तर ओरडायचं नाही, एक पायरी जवळ यायचं.

दिवसाला 30-40 कॅच बास झाले. तळहात हुळहुळायला लागले की थांबा. दुखऱ्या हातानं घेतलेल्या कॅचनं भीती वाढतेच. आणि शेवटचे तीन मुद्दाम सोपे टाका, घरी जाताना हातात आलेला बॉल लक्षात राहायला पाहिजे.

अनगोळची आई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. 13 वर्षांखालच्या पोरांचा बॉल वेगळा असतो, 133 ते 144 ग्रॅम. मुलींचा आणि बायकांचा 140 ते 151. घेराला पण लहान. ग्राउंडवर सर्रास मोठ्यांचाच बॉल सगळ्यांना देतात आणि मग पोरगं भित्रं आहे म्हणतात. छोट्या पंजात तो बसतच नाही की!
बोटाला लागलं तर बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं, थेट कातडीवर नको. बोटाचं टोक वाकून राहिलं आणि आपोआप सरळ होत नसेल तर ओढून बसवायला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

खानापूरवाला
काकू, बरोबर बोललात. बोट लागतं ते बोटं बॉलच्या दिशेनं रोखली की. बॉल छातीच्या खाली असेल तर बोटं जमिनीकडं आणि करंगळ्या जुळलेल्या, छातीच्या वर असेल तर बोटं आभाळाकडं आणि अंगठे जुळलेले. मधल्या उंचीवर, छातीवर सरळ येणारा बॉल सगळ्यात अवघड, कारण हात वरनं की खालनं हे ठरत नाही. तिथं गुडघे वाकवून डोकं खाली न्यायचं म्हणजे तोच बॉल डोळ्यांच्या उंचीवर येतो. बाजूला सरकून घेतला तरी चालतंय.

हाफपीच संडे
सरदार ग्राउंडला या रविवारी आहे का काही? कुणाला माहिती?

मच्छेकर
उंच कॅचबद्दल. लई पोरं बॉल वर गेला की तोंड वर करून उलट्या पावलांनी मागं पळतात. तसं पळताना डोकं हिंदकळतं आणि बॉल दोन दिसायला लागतो, शिवाय टाच अडकून पडायची भीती. आधी क्षणभर थांबून बॉल बघायचा, मग कूस फिरवून आडवं पळायचं, खांद्यावरनं नजर बॉलवर. जागेवर थोडं आधी पोचायचं आणि थांबायचं. धावता धावता घेतलेल्या कॅचला लोक टाळ्या वाजवतात, खरं थांबून घेतलेला कॅच जास्त वेळा हातात राहतोय.
हात फार लवकर वर करू नका, आपलाच पंजा बॉल झाकतो. घेताना कोपर सैल, बॉलसोबत हात छातीकडं आणायचे. संध्याकाळी मावळतीचं ऊन समोर असेल तर डावा पंजा सूर्यावर धरायचा आणि थोडं तिरकं उभं राहायचं.
टेनिस बॉलला एक फरक. तो तळहातावर आपटून उसळतोय, म्हणून बोटं पटकन मिटायला पाहिजेत. टेनिसवर हात बसलेलं पोरगं लेदरला गेलं की घाईनं बोटं मिटतंय आणि बॉल बोटांच्या टोकावर बसतोय. दोन्हीची प्रॅक्टिस वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

जुना स्कोअरर
सगळं पटलं. खरं एक सांगतो, प्रत्येकाला स्लिपला (किपरच्या शेजारी) आणि शॉर्ट लेगला (बॅट्समनच्या अगदी जवळ) उभं करता येत नाही. आपले भारताचे एकनाथ सोलकर 27 कसोटींत 53 कॅच घेऊन गेले, तेही बरेचसे बॅटच्या तोंडाशी उभं राहून. अजिंक्य रहाणेनं 2015 ला गॉलच्या एका कसोटीत 8 घेतले. तिथं विचार करायला वेळच नसतोय. ती नजर सरावानं तेज होते, शून्यातनं तयार होत नाही असं माझं मत.

टिळकवाडीकर
सर, जवळच्या कॅचचं मान्य. खरं गल्लीतल्या 11 पोरांत स्लिपला एक नाहीतर दोन. बाकीच्यांचं काम म्हणजे अडवणं, उचलणं, फेकणं आणि उंच कॅच. ते सगळं शिकता येतंय. आणि स्लिपची सुद्धा तयारी घरी होते. आपल्याकडं जांभ्या दगडाच्या कंपाउंड भिंती आहेत, त्यांचा खडबडीतपणा कामाला येतो. 3-4 मीटरवरनं टेनिस बॉल मारायचा, कुठल्या कोपऱ्यात उडेल सांगता येत नाही. 10 मिनिटं दोन्ही हातांनी, 5 मिनिटं एका हातानं. शेजाऱ्यांच्या खिडक्या बघून.

निपाणीकर
खानापूरकडची लाल माती आणि आमच्याकडची काळी माती, यात जमिनीवरच्या बॉलचा फरक पडतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, बॉल शेवटच्या हातभर अंतरात उडी मारतोय. तिथं एका हातानं उचलायला जाऊ नका. आडवी भिंत करायची. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं डावा गुडघा उजव्या टाचेला चिकटवून टेकायचा, म्हणजे पाय आणि गुडघ्यात फट राहत नाही. पंजे पुढं, बोटं जमिनीला लागलेली. वर उडाला तर छातीला लागेल, मागं जाणार नाही. उठताना डावा खांदा आपोआप किपरकडं होतो, म्हणून डावाच गुडघा.
चूक कुठं होते? नजर. बॉल हातात यायच्या आधी पोरगं रनर बघतंय. बॉलची शिवण दिसेपर्यंत बघ म्हणून सांगा.
एक धाव अडवायची असेल तरच पुढं पळून उचला, आणि तेव्हा बॉल पावलाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, दोन पायांच्या मधे नको.

शहापूर गल्ली नं. ४
निपाणीच्या ग्राउंडवर पाऊस झाला का? आमच्याकडं सकाळपासनं रिपरिप.

निपाणीकर
थोडा शिडकावा. बॉल ओला असेल तर टॉवेल खिशात ठेवा, आणि ओल्या बॉलला नुसती बोटं नको, पूर्ण तळहात लावा.

चिकोडी अण्णा
मराठी-कानडी मिसळलेल्या टीमचं एक सांगतो, कोण लिहीत नाही. दोघं एका कॅचखाली आले की एक "माझा!" म्हणतो, दुसरा "नंदू!" म्हणतो. दोघांचा अर्थ एकच, ऐकू दोघांना उशिरा येतंय, आणि धडक. मॅचच्या आधी एकच शब्द ठरवा, कुठल्याही भाषेतला, आणि तो तीन वेळा मोठ्यानं. कुणीच ओरडलं नाही तर किपरनं नाव घ्यायचं. कमजोर फिल्डर हमखास मागं सरकतोय कारण त्याला वाटतंय दुसरा जास्त चांगला आहे. प्रॅक्टिसमध्ये त्यालाच ओरडायला लावा. आवाज आला की पाय पण येतात.

हिंडलग्याचा चष्मेवाला
एक गोष्ट सगळे विसरतात. नजर तपासा! पोरगं बॉलच्या खाली पोचतंय, पण प्रत्येक वेळी हातभर पुढं किंवा मागं, किंवा दिवसा बरं खेळतंय आणि लाइटखाली सोडतंय, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. लांबचं अंधुक दिसत असेल तर बॉल बॅटवरनं निघाल्यावर उशिरा कळतोय. त्याला कितीही प्रॅक्टिस द्या, दोष त्याचा नाहीच.

अनगोळची आई
अगदी मनातलं लिहिलंत. वर्गात फळा दिसत नाही म्हटल्यावर नेतो आपण, ग्राउंडवरचं कुणी धरत नाही.

पॉइंटला उभा
थ्रोबद्दल कोणीच नाही? 1992 च्या वर्ल्ड कपला ब्रिस्बेनला दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सनं पाकिस्तानच्या इंझमामला रनआउट केलं, त्यात त्यानं बॉल फेकलाच नाही, घेऊन पळत स्टंपांवर झेप टाकली. जवळनं फेकून चुकण्यापेक्षा पळणं बरं हे त्या एका क्षणात ओळखलं. पोरांना हा निर्णयच शिकवायला पाहिजे.
फेकायचं असेल तर बॉल शिवणीला आडवा धरायचा, म्हणजे हवेत सरळ जातो. कोपर खांद्याच्या खाली पडू देऊ नका, खांदा दुखायचं ते एक मोठं कारण. डावा हात निशाण्याकडं. एकच स्टंप रोवा, 12 मीटरवरनं 20 बॉल, लागलेले वहीत लिहा. आठवड्यानं आकडा बघून पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते कौतुकाच्या चार शब्दांनी येत नाही. पूर्ण जोरानं 25-30 च्या वर नको, वाढत्या वयाच्या पोरांच्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर लगेच बंद.

टिळकवाडीकर
वहीचं एकदम बरोबर. आणि कप्तानांनो, फाइन लेगला लपवू नका. तिथं बॉल बॅटची कड घेऊन फिरत येतो, पळायला लांब आणि थ्रो पण लांबचा. मिडऑनला ठेवा. बॉल बॅटवरनं निघताना सरळ दिसतो, अंतर बेताचं, बोलर शेजारी बोलायला. कॅच सुटला तरी पुढच्या ओव्हरला तिथंच ठेवा. जागा बदलली की पोराला कळतंय.

जुना स्कोअरर
मिडऑनचं पटलं. माझं मत थोडं हललं म्हणायला हरकत नाही.

हाफपीच संडे
रविवारचं कुणी सांगितलंच नाही. नसेल तर व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडला सकाळी 6 ला जमूया का? हे सगळं करून बघू. त्या पोराला पण बोलवा.

टिळकवाडीकर
6 ला फिरायला येणारे असतात, लेदर नको. टेनिस घेऊन 6:30 ला ये. मी वही आणि एक स्टंप आणतो.

मच्छेकर
आपली बेळगावी मिठाई, कुंदा, कोण आणणार ते पण ठरवा की.

हाफपीच संडे
कुंदा माझ्याकडं. अर्धा किलो पुरे ना?