मदत हवी आहे : जमिनीचा कन्नड उतारा वाचून देणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. हवामान बदल आणि स्त्री-पुरुष समता यावरच्या विद्यार्थी फेलोशिपसाठी अर्ज करतेय. विषय, आपल्या बेळगावकडच्या खानापूर भागातली भातलावणी. पाऊस लांबला की रोपं तरव्यातच (रोपांच्या वाफ्यातच) पिवळी पडतात, बायकांचा रोज बुडतो. २०१९ च्या पुरात आमचं शेत गेलं, भरपाई बाबांच्या नावावर आली. चिखलात दिवसभर वाकलेली असते ती आई, उताऱ्यावर तिचं नावच नाही.

अडचण अशी, की उतारे कन्नडमध्ये आणि माझं कन्नड बसची पाटी वाचण्यापुरतं. चार-पाच उतारे कुणी वाचून देईल का?

आणि ‘जेंडर इक्विटी’, म्हणजे ही स्त्री-पुरुष समता, बांधावर बायकांना विचारायची कशी? आईला विचारलं तर म्हणाली, “आधी रोज किती ते विचार की!” बुधवारपर्यंत अर्ज द्यायचाय.